दोन विभागांच्या मधली पीएचडी : अर्ज कसा करायचा

सांगोल्याकडचा एक मुलगा मे महिन्यात भेटायला आला. कृषी अभियांत्रिकीत बी.टेक., पुढे मृद व जलसंधारणात एम.टेक. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "दादा, मी सिव्हिलला अर्ज करू की इकॉनॉमिक्सला?" विषय काय, तर शेततळी. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत त्याच्या भागात तळी झाली. कागदावर ती पावसाचं पाणी साठवायला. प्रत्यक्षात बरेच जण विहिरीचं, बोअरचं पाणी उपसून त्यात भरतात आणि उन्हाळ्यात डाळिंबाला देतात. मग शेजारच्याची विहीर लवकर तळ गाठते. "आता हा विषय पाण्याचा म्हणायचा की पैशाचा?"

असे प्रश्न घेऊन फिरणारी मुलं-मुली दरवर्षी भेटतात. कुणी मराठी शाळेतल्या गणिताच्या भाषेवर काम करू पाहतं, कुणी शहरातल्या उष्णतेवर. त्यांच्यासाठी आंतरविद्याशाखीय, म्हणजे दोन विषय जोडणाऱ्या, पीएचडीची सोय आहे. पण तिचा अर्ज नेहमीच्या अर्जासारखा भरला की हमखास फसतो. माझा पहिला तसाच फसला होता. त्याचं पुढे सांगतो.

आधी प्रश्न तपासा

एक सोपी कसोटी आहे. तुमच्या प्रश्नातला एक विषय काढून टाका. तरीही प्रश्न उभा राहत असेल, तर तुमची जागा एकाच विभागात आहे. तिथेच अर्ज करा, सुखी व्हाल.

त्या मुलाबरोबर आम्ही हेच केलं. शेततळ्यातून बाष्पीभवनाने किती पाणी उडतं? हा अभियांत्रिकीचा प्रश्न, अर्थशास्त्राचं तिथे काही काम नाही. अनुदान लहान शेतकऱ्याला मिळालं की मोठ्या बागायतदाराला? हा अर्थशास्त्राचा, विहिरीत डोकावायची गरज नाही. तासाभराने तो म्हणाला, "विहिरी खाली चालल्यात असं दिसलं की लोक तळं भरायची घाई करतात. आणि सगळ्यांनी घाई केली की विहिरी आणखी खाली जातात." झालं! इथे पाण्याची पातळी माणसांचा निर्णय बदलते आणि माणसांचा निर्णय पाण्याची पातळी. एक बाजू सोडली तर दुसरी समजतच नाही. असा प्रश्न सापडेपर्यंत फॉर्म उघडू नका. आम्हाला त्या प्रश्नापर्यंत यायला चार कप चहा लागला, काहींना चार महिने लागतात.

दुसरी गोष्ट, पाया कुठल्या तरी एका विषयात पक्का हवा. "मला दोन्हीतलं थोडं थोडं येतं" हे वाक्य निवड समितीला ऐकवतं की तुम्हाला काहीच धड येत नाही. "मी भूजलाचं मापन नीट करू शकतो, सर्वेक्षण आणि अर्थमिती (आकडेवारीने आर्थिक प्रश्न तपासायची पद्धत) शिकायची आहे, ती कोर्सवर्कमध्ये (पीएचडीच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात) शिकेन" हे ऐकलं की समोरचे कान देतात.

कुठे अर्ज करायचा

या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे खास त्यासाठी उभी केलेली केंद्रं. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून आहे. आयआयटी मुंबईतच हवामान अभ्यास, शैक्षणिक तंत्रज्ञान, धोरण अभ्यास यांतही पीएचडी होते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) भाग आहे आणि तिथे विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते. बंगळुरूची 'अट्री' ही संस्था पर्यावरण आणि समाज एकत्र अभ्यासते. दुसरा प्रकार बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारखा : विद्यार्थ्याचे मार्गदर्शक दोन वेगळ्या विभागांतले. तिसरा आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचा : नोंदणी एका विषयात, पण दुसऱ्या विभागातले सह-मार्गदर्शक घेता येतात. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम याला परवानगी देतात. अनेकांना हा तिसरा रस्ता माहीतच नसतो. घर पुण्यात, नोकरी पुण्यात आणि विषय दोन विभागांचा असेल, तर बंगळुरू गाठायचं कारण नाही.

नावावर जाऊ नका. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट वाचता येतात. प्रत्येक संस्थेचे तिथे असतीलच असं नाही, मग संस्थेच्या ग्रंथालयाचं पान बघा. तुमच्या मनातल्या केंद्राचे गेल्या काही वर्षांतले चार-पाच प्रबंध काढा आणि पद्धतीचं प्रकरण वाचा. खरंच दोन पद्धती एकत्र आल्यात की शेवटच्या प्रकरणात "सामाजिक परिणाम" म्हणून दहा पानं चिकटवलीत, ते लगेच कळतं. ऋणनिर्देशही वाचा. गाइड खरोखर भेटत होते की नुसती सही करत होते, हे तिथे ओळींच्या मधून दिसतं. सगळ्या प्रबंधात मला सगळ्यांत प्रामाणिक तीच दोन पानं वाटतात.

पात्रता आणि परीक्षा

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. चार वर्षांची पदवी केलेल्यांना थेट येता येतं, पण ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना ५ टक्के सवलत. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन. आयआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे त्यांचे, म्हणून त्यांची माहितीपुस्तिका स्वतंत्र वाचायची.

आंतरविद्याशाखीय केंद्रांत पात्रतेचा तक्ता लांबलचक असतो आणि लोक तो वरवर चाळतात. एकाच केंद्रात एम.टेक.वाल्याला एक अट, एम.एस्सी.वाल्याला दुसरी, एम.ए. किंवा एमएसडब्ल्यूवाल्याला तिसरी. आपली पदवी नेमकी कुठल्या ओळीत बसते ते शोधा. बसत नसेल तर कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि जपून ठेवा. फोनवर "चालेल, भरा" म्हणणारा माणूस छाननीच्या दिवशी तिथे नसतो.

परीक्षांचं थोडक्यात. यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदासाठी आणि पीएचडीसाठी देशपातळीवरची परीक्षा. जून २०२४ पासून तिचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी अधिछात्रवृत्ती) सह, सहायक प्राध्यापक व पीएचडी, आणि फक्त पीएचडी. जेआरएफवाल्यांना मुलाखत, उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार. त्या दोन गटांतले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. गेट ही मुख्यतः अभियांत्रिकी-विज्ञानाची देशपातळीवरची परीक्षा, तिचे गुण तीन वर्षं चालतात. विषय मधलाच असेल तर गेटमध्ये आता त्याचे पेपरही आहेत : पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी, मानव्यविद्या, डेटा सायन्स. तरी माझा सल्ला, परीक्षा मूळ विषयातच द्या. सांगोल्याच्या मुलाने कृषी अभियांत्रिकीचा पेपर दिला होता, तोच कामाला आला. नवा विषय शिकायला पुढे पाच वर्षं आहेत. प्रवेशपरीक्षेत तो शिकत बसू नये.

तारखांचा अंदाज ठेवा. गेट फेब्रुवारीत, तिचे अर्ज आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. नेट वर्षातून दोनदा. आयआयटी मुंबईत जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांना प्रवेश होतात, त्यांच्या जाहिराती साधारण मार्चच्या आणि सप्टेंबरच्या सुमाराला निघतात. विद्यापीठांच्या 'पेट'चं, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पीएचडी प्रवेशपरीक्षेचं, वेळापत्रक मात्र दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावरच बघायचं.

गाइडला पत्र

एका प्राध्यापकाला जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून मोठं नाव बघून हुरळून जाण्याआधी त्यांच्याकडे जागा आहे का ते विचारा. विचारण्यात काही कमीपणा नाही.

पत्र दहा ओळींचं पुरे. तुम्ही कोण, प्रश्न काय, त्यांचा कुठला लेख वाचला आणि त्यातलं काय अडलं, तुम्हाला काय येतं, काय येत नाही, आणि या वर्षी जागा आहे का. "आपले कार्य अत्यंत प्रेरणादायी आहे" हे वाक्य त्यांना आठवड्यातून कितीदा येत असेल, कल्पना करा. त्याऐवजी त्या मुलाने लिहिलं की तुमच्या लेखात विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबर अशी दोनदाच घेतली आहे, पण आमच्याकडे तळी डिसेंबर-जानेवारीत भरतात, मग तो उपसा या दोन नोंदींत वेगळा दिसेल का? दोन दिवसांत उत्तर आलं, तेही लांबलचक.

दोन विभागांतल्या दोघांना लिहायचं असेल तर दोघांनाही तसं सांगा. एकाला लपवून दुसऱ्याला लिहिणं अंगाशी येतं. ही माणसं एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. आणि उत्तर आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्याकडे वळा.

संशोधन आराखडा

आता माझी फजिती. पहिल्या अर्जात मी जे लिहिलं होतं त्याचा मराठी अर्थ असा (अर्ज अर्थात इंग्रजीत होता) : "जलसंकट ही आजची ज्वलंत समस्या असून तिच्याकडे समग्र व बहुआयामी दृष्टिकोनातून पाहणे ही काळाची गरज आहे. प्रस्तुत संशोधनात तांत्रिक, सामाजिक, आर्थिक, राजकीय व पर्यावरणीय अशा सर्व पैलूंचा अभ्यास केला जाईल." मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "यात तुम्ही नेमकं काय मोजणार?" मी पुन्हा 'समग्र' म्हणालो. त्यांनी चष्मा घातला आणि पुढच्या उमेदवाराची फाइल घेतली. संस्थेचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती.

त्या मुलाच्या आराखड्यातला मधला परिच्छेद बघा : "एका ओढ्याच्या पाणलोटातल्या ६० विहिरींची पातळी मी दोन वर्षं दर महिन्याला मोजणार आहे. त्याच विहिरींच्या मालकांकडून तळं कोणत्या आठवड्यात भरलं आणि पंप किती तास चालला, याची नोंद घेणार आहे. जुन्या पातळीसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वापरेन. पहिल्या भागात उपशाचा शेजारच्या विहिरींवर होणारा परिणाम काढेन, दुसऱ्यात शेतकऱ्याचा तळं भरण्याचा निर्णय पातळीवर किती अवलंबून आहे ते तपासेन, तिसऱ्यात दोन्ही एका मॉडेलमध्ये जोडेन." यात 'समग्र' कुठेच नाही, तरी दोन्ही विषय एकमेकांत विणलेत. ठिकाण आहे, संख्या आहे, काळ आहे, आणि काम एकट्या माणसाच्या आवाक्यातलं आहे.

पानं किती, ते संस्था सांगते. सांगितल्यापेक्षा एक ओळ जास्त नको. लिहून झाल्यावर दोन माणसांना वाचायला द्या, प्रत्येक विषयातल्या एकाला. अर्थशास्त्राच्या माणसाला पाणलोटाचा भाग कळला नाही तर तो पुन्हा लिहा, कारण समितीतही तसाच माणूस बसणार आहे. आणि प्रत्येक विषयातल्या निदान चार-पाच मूळ लेखांचा आधार द्या. एका बाजूचे वीस आणि दुसऱ्या बाजूचे दोन संदर्भ असतील, तर पाणी कुठे मुरतंय ते दिसतंच.

शिफारसपत्रं शक्यतो दोन वेगळ्या बाजूंची घ्या. एक मूळ विषयातल्या गाइडचं, दुसरं ज्यांनी तुम्हाला क्षेत्रकाम करताना पाहिलंय त्यांचं, मग ते संस्थेतले वरिष्ठ असोत की प्रकल्पाचे प्रमुख. प्राचार्यांच्या लेटरहेडवरचं "सुस्वभावी व कष्टाळू" काही कामाचं नाही. पत्र देणाऱ्यांना आराखडा आणि शेवटची तारीख महिनाभर आधी द्या.

कागदपत्रं : इथे आपली मुलं सर्वांत जास्त अडकतात

केंद्रीय संस्थेला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला तिथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षाचा मागतात. आपल्या राज्यातले विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे गट केंद्रात तसे नाहीत; तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे तुम्ही ओबीसी. एसईबीसीचं (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचं) आरक्षण राज्यापुरतं आहे. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही दरवर्षी नवा. हे सगळं एप्रिलमध्येच हातात घ्या. मे महिन्यात सेतू केंद्रासमोरची रांग बघितली आहे ना?

नावाचा घोळ वेगळाच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव. आधारवर क्रम उलटा. फॉर्ममध्ये एकच क्रम धरा आणि सगळीकडे तोच ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र लागतं. मनाने दहाने गुणू नका. अंतिम वर्षाचा निकाल बाकी असला तरी बहुतेक ठिकाणी अर्ज चालतो, पण निकाल दाखवायची शेवटची तारीख टिपून ठेवा.

नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी मालकाचं ना हरकत पत्र हवं आणि त्यात अभ्यासाला वेळ देऊ, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. "आमची हरकत नाही" एवढ्यावर भागत नाही.

मुलाखत

समितीत चार-पाच जण, प्रत्येक जण वेगळ्या विषयाचा, आणि प्रत्येक जण आपल्या विषयाचं अगदी मुळातलं विचारतो. त्या मुलाला पहिल्याच मिनिटाला फळ्याकडे पाठवलं : "पंप सुरू केल्यावर विहिरीभोवती पाण्याची पातळी कशी होते, काढून दाखवा." त्याने उलट्या शंकूचं चित्र काढलं. "शेजारी दुसरी विहीर असेल तर?" दोन शंकू एकमेकांत गेलेले काढले. मग अर्थशास्त्राच्या सरांनी विचारलं, "तुमच्या ६० विहिरी कशा निवडल्या? ज्यांनी नोंद द्यायला होकार दिला त्याच घेणार का? मग जे चोरून उपसतात ते तुमच्या हिशेबात कधीच येणार नाहीत." तो थांबला. म्हणाला, "याचा मी विचार केला नव्हता." मग थोड्या वेळाने, "विजेच्या फीडरवरून उपशाचा अंदाज घेता येईल का, ते बघावं लागेल." बाहेर येऊन तो रडकुंडीला आला होता. मला वाटतं, त्याची निवड त्या थांबण्यावरच झाली.

तयारी म्हणून दोन्ही विषयांची पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पुस्तकं चाळा. आराखडा दोन मिनिटांत, कागद न बघता, भावाला किंवा बहिणीला सांगून बघा. "आमच्याकडेच का?" हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर दोन नावांत द्या : कुणाकडून काय शिकायचं आहे.

पैसे आणि पुढची नोकरी

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या गटांसाठी आहेत. त्यांची जाहिरात पीएचडीची नोंदणी झालेल्यांसाठी निघते, म्हणून नोंदणीच्या पत्रावरची तारीख फार मोलाची. एका वेळी एकच अधिछात्रवृत्ती घेता येते. पहिले काही महिने पैसे उशिरा येतील असं धरून चाला आणि तेवढी तजवीज करूनच निघा.

वरिष्ठ महाविद्यालयात नोकरी करायची असेल तर प्रवेशाआधीच विचारा की पदवीवर विषय काय छापून येतो. पदाची जाहिरात एका विषयाची असते आणि छाननीत "तुमचा विषय नेमका कुठला?" हा प्रश्न येतो. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदाला नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) हीच किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. त्यामुळे मूळ विषयातली नेट किंवा सेट काढून ठेवा, शक्यतो कोर्सवर्क संपायच्या आत. पुढे क्षेत्रकाम सुरू झालं की होत नाही.

प्रवेशाचं पत्र आलं की स्वीकारण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : मुख्य मार्गदर्शक कोण, दुसऱ्या विभागातले सह-मार्गदर्शक कधी ठरणार, आणि कोर्सवर्कमध्ये दुसऱ्या विभागाचे कोर्स घेता येतात का. सांगोल्याच्या मुलाला अर्थमितीचा कोर्स पहिल्याच सत्रात मिळाला. परवा फोन आला होता. ६० विहिरींपैकी ४१ जणांनी होकार दिलाय, उरलेल्या १९ जणांकडे तो रविवारी वडिलांना घेऊन जाणार आहे.